जरा डावीकडे

१

माझा फोटो टेबलावर आला की चौकटसर आधी चहा संपवतात, मग रुमालानं बोटं पुसतात आणि मग खिशातून ते दोन काळे पुठ्ठे काढतात. काटकोनात कापलेले. एक फोटोच्या वरच्या कोपऱ्यावर ठेवायचा, दुसरा खालच्या, आणि इकडून तिकडे सरकवत बसायचं. नको ते झाकत जायचं आणि चांगला तुकडा शोधायचा. दुसऱ्यांच्या फोटोत तो लगेच सापडतो. माझ्या फोटोवर पुठ्ठे सरकत राहतात आणि शेवटी एकमेकांना चिकटून अख्खा फोटोच झाकून टाकतात.

"आत्ता बरा दिसतोय," सर म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो, न हसून सांगतो कुणाला.

सरांचं चष्म्यांच्या फ्रेमचं दुकान आहे. त्यावरून त्यांना चौकटसर म्हणतात, आणि पुठ्ठ्यांमुळे ते नाव दुप्पट पक्कं झालंय. दर रविवारी सकाळी एका शिकवणीच्या वर्गात आमचं फोटोमंडळ भरतं. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे कोंबून मोठी माणसं बसतात आणि एकमेकांच्या निसर्गचित्रांना नावं ठेवतात. वर्षातून एकदा मंडळाचं प्रदर्शन असतं. त्या भिंतीवर माझा एक फोटो लागावा, एवढीच माझी इच्छा होती. फार नव्हती. पण दोन वर्षं झाली, भिंत काही मला जवळ करत नव्हती.

केलं नाही असं काही उरलं नव्हतं. क्षितिज मध्यात ठेवू नका म्हणाले, नाही ठेवलं. चौकटीचे तीन भाग पाडा आणि महत्त्वाचं ते तिसऱ्या भागाच्या रेषेवर आणा म्हणाले, आणलं. पुढ्यात काहीतरी हवं म्हणाले, तर पोटावर पडून दगड टिपले आणि शर्टाचं वाटोळं करून घेतलं. नजरेला आत नेणारी वाट शोधा म्हणाले. वाट शोधली, ती नजरेला घेऊन थेट फोटोच्या बाहेर गेली. एकदा मी लेन्सला दोष दिला, तर सर म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." मग मी जुना खटक्यांचा ट्रायपॉडही विकून टाकला आणि पाय पिळून घट्ट करायचा, अजिबात आवाज न करणारा नवा घेतला. फोटो होते तसेच राहिले.

चीड येते ती याची, की माझं कामच फोटो काढण्याचं आहे. मी दवाखान्यात एक्स-रे काढतो. दिवसभर माणसांना हातानं दाखवत असतो, जरा डावीकडे, हनुवटी वर, श्वास घ्या, रोखा, हलू नका. मग बटण दाबायचं आणि म्हणायचं, सोडा. ते "सोडा" म्हणायचं विसरलो तर भाबडी माणसं श्वास कोंडून तशीच उभी राहतात, तोंड लाल होईपर्यंत. त्या फोटोंना कुणी नावं ठेवत नाही. हाड मध्यभागी आलं की डॉक्टर खूश.

त्या रविवारी पुठ्ठे खिशात टाकताना सर म्हणाले, "तुमच्या फोटोत नजर येते, हिंडते आणि कंटाळून निघून जाते. तिला टेकायला जागा द्या. एक माणूस ठेवा. लांब, लहानसा."

२

माणूस ठेवा म्हणणं सोपं आहे. माझ्या घरात मी सोडून माणूस एकच, ताई.

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आईच्या मागे तिनंच मला वाढवलं, आणि भावंडं आम्ही दोघंच असूनही ती मला अजून धाकट्या म्हणते. शाळेत पी.टी. शिकवायची. मी त्याच शाळेत होतो, पण मैदानावर तिनं मला कधी ओळख दाखवली नाही. उलट इतरांपेक्षा एक फेरी जास्त मारायला लावायची. आता निवृत्त झाली तरी तिची शिट्टी दारामागच्या खुंटीवर किल्ल्यांशेजारी लटकलेली असते.

"मला काय करायचंय?" तिनं विचारलं.

"उभं राहायचं."

"आणि फोटोत दिसणार केवढी?"

"नखाएवढी."

"नखाएवढं दिसायला एवढ्या लांब यायचं? डोकं ठिकाणावर आहे ना?"

पण आली. नुसती आली नाही, स्कूटरवर मागे बसल्या बसल्या तिनं सगळी कवायत ठरवून टाकली. लांबून ओरडलेलं ऐकू येणार नाही, म्हणून हाताच्या खुणा. ज्या बाजूला हात लांब करीन त्या बाजूला सरकायचं. पंजा वर केला की थांबायचं आणि हलायचं नाही. दोन्ही हात डोक्यावर आडवेतिडवे धरले की काम झालं, यायचं. "आणि ती शेवटची खूण मिळेपर्यंत मी हलणार नाही," ती म्हणाली. "मुलांनाही मी हेच शिकवलं. नाहीतर ढोंग करून निम्मी पोरं पाणी प्यायला पळतात."

गावाबाहेर एक मोठा माळ आहे. उजवीकडे एक वाळलेलं झाड, मधून पायवाट, लांबवर निळसर डोंगरांची ओळ. मी जिथे कॅमेरा लावतो त्याच्या मागे एक बुटकं टेकाड आहे, पिवळ्या गवताचं. माळाच्या डाव्या टोकाला दगडाची बंद पडलेली खाण आहे, सरळ कापलेले कडे आणि तळाशी हिरवं पाणी. पण ती फोटोत येत नाही. जे फोटोत येत नाही त्याच्याकडे बघायचं नाही, ही आम्हा लोकांची पहिली सवय.

ताई लाल विंडचीटर घालून चालत चालत लांब गेली आणि झाडाजवळ उभी राहिली. शिट्टी वाजली. मी पंजा वर केला. मग दोन्ही हात कॅमेऱ्यावर ठेवून पडद्यात वाकून बघायला लागलो. उन्हानं पडद्यावर नीट दिसत नव्हतं, म्हणून टोपी काढून सावली धरली. परत बघतो तर ताई झाडापासून सुटून चांगली डावीकडे येऊन उभी होती.

मी ओरडलो. वारा उलटा होता. ऊन उतरत चाललं होतं. मी वैतागून तसाच फोटो काढला आणि डोक्यावर हात आडवे धरले.

"का हललीस?" ती आल्या आल्या मी विचारलं.

"तूच हात केलास."

"माझे दोन्ही हात कॅमेऱ्यावर होते."

"मग मी काय आंधळी आहे? चांगला लांब करून केलास, डावीकडे. मग पंजा. खूण स्पष्ट होती, तुझ्या मानानं तर फारच स्पष्ट."

स्कूटर सुरू होईपर्यंत आम्ही भांडत होतो. सुरू झाल्यावरही भांडलो.

३

पुढच्या रविवारी सरांनी चहा संपवला, बोटं पुसली, पुठ्ठे काढले. वरच्या कोपऱ्यावर ठेवले, खालच्या कोपऱ्यावर ठेवले. जरा थांबले. आणि पुठ्ठे न सरकवता उचलून बाजूला ठेवले.

"हं," सर म्हणाले.

मंडळात कुणी कधी सरांचा "हं" ऐकला नव्हता. मागच्या बाकावरच्यांनी उठून बघितलं. सर म्हणाले, "बाईंना झाडापासून सोडवलंत, हे बरोबर केलंत. आता झाड आणि त्या एकमेकांशी बोलतात."

मी मान डोलावली. आनंद झाला, नाही असं नाही. पण घरी जाताना आतून जळत होतो. दोन वर्षांत जमलेला पहिला फोटो, आणि त्यातलं जे जमलं ते मी केलेलंच नाही.

मी स्वतःची समजूत घातली. दिवसभर रोग्यांना हात दाखवायची सवय, नकळत गेला असेल हात. पुढच्या खेपेला लक्ष ठेवायचं ठरवलं. पुन्हा माळावर गेलो तेव्हा पंजा दाखवून झाल्यावर मी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले आणि ताईकडे बघत राहिलो.

ती काही वेळ झाडाजवळ उभी होती. मग तिनं मान वर केली, होकार देतात तशी किंचित हलवली, आणि कवायतीची पावलं टाकत डावीकडे गेली. मागच्या वेळी थांबली होती तिथेही थांबली नाही. त्याच्या पुढे जाऊन उभी राहिली. माझे हात खिशात होते.

फोटो मागच्याहून सरस निघाला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दुपारी गर्दी नव्हती. एक्स-रे बघायच्या मोठ्या पडद्यावर मी दोन्ही फोटो लावले आणि ताईचा चेहरा मोठा केला. फार स्पष्ट दिसत नव्हता, पण हनुवटी दिसत होती, आणि हनुवटीचं काम मला कळतं. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. थोडं वर, माझ्या डोक्यावरून मागे बघत होती. दोन्ही फोटोंत, एकाच जागी.

मागे म्हणजे टेकाड. संध्याकाळी एकटाच स्कूटर काढून गेलो. टेकाडाच्या माथ्यावर गवत दबलेलं होतं आणि मातीत तीन भोकं होती, त्रिकोणात. ट्रायपॉडच्या पायांची.

मला भीती वाटली नाही. खरं सांगतो, मला राग आला. मंडळातलाच कुणीतरी शहाणा मागे उभा राहून माझा देखावा टिपतोय आणि वर माझ्या बहिणीला नाचवतोय. रविवारी मी सगळ्यांसमोर बोललो. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणून एकेकाचं तोंड बघितलं. सगळे माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत होते.

"एवढा चांगला फोटो काढून वर भांडण कसलं करताय?" सर म्हणाले.

४

तिसऱ्या खेपेला मी ताईचा विचार केला नाही, फोटोचा केला. प्रदर्शनाची निवड जवळ आली होती. मी अधूनमधून मागे वळून टेकाडाकडे बघत होतो, तिथे गवताशिवाय काही नव्हतं. आणि पुढे वळलो की दर वेळी ताई आणखी डावीकडे गेलेली असायची. शेवटी चौकटीच्या अगदी कडेला थांबली. तो फोटो काढताना मला समजलं की मी आतापर्यंत काढलेल्यांतला हा सर्वांत चांगला आहे.

त्याच आठवड्यात एके दिवशी मी दवाखान्यातून लवकर घरी आलो. दार नुसतं लोटलेलं होतं. हॉलमध्ये चप्पल काढत होतो तेव्हा आतल्या खोलीतून आवाज आला. खट. मग खट. मग पुन्हा खट.

ट्रायपॉडचे तीन पाय उघडून खटके लावल्याचा आवाज. वर्षानुवर्षं ऐकलेला, चुकायचं कारण नाही. पण खटक्यांचा ट्रायपॉड मी विकला होता. नवा दारामागे त्याच्या पिशवीत उभा होता, मी त्याला हात लावून बघितला.

"ताई?"

ती हॉलमध्येच होती. मी तिला ओलांडून आत आलो होतो आणि मला ती दिसली नव्हती, इतकी स्थिर उभी होती. खिडकी आणि कपाट यांच्या मध्ये, जिथे उभं राहायचं कुणालाच काही कारण नाही. भिंतीचे तीन भाग केले तर बरोबर पहिल्या रेषेवर. इतके दिवस डोकं फोडून शिकलेलं नेमकं तेव्हा माझ्या डोळ्यांना दिसलं.

"काय करतेस?"

डोळे उघडे, हनुवटी थोडी वर, नजर आतल्या खोलीच्या दारावर. माझं लक्ष तिच्या छातीकडे गेलं. सवयीनं जातंच. छाती हलत नव्हती. तोंड लाल होत चाललं होतं.

"सोडा," माझ्या तोंडून निघालं. दवाखान्यात निघतं तसंच, अहोजाहो करून.

ताईनं मोठा श्वास सोडला आणि कपाटाला धरून खाली बसली. मी पाणी आणलं.

"कधीपासून उभी होतीस?"

"तूच म्हणालास ना, हलू नको." ती चिडली होती. "आणि मग सोडायचं नाव नाही. मस्करीला काही मर्यादा असते, धाकट्या. माझं वय काय?"

"मी कुठून म्हणालो?"

तिनं आतल्या खोलीकडे बोट केलं. मी आत जाऊन बघितलं. पलंग, इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग, बंद खिडकी. फरशी नुकतीच पुसलेली होती, आणि मधोमध तीन ठिकाणी ओल टिपली गेल्यासारखे कोरडे ठिपके होते. मी उभा राहून ते बघत राहिलो. फरशी वाळली तसे ते दिसेनासे झाले, मग मला ते होतेच की नाही याचीही खात्री देता येईना.

ताईला मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, मग दुसऱ्या डॉक्टरांकडे. माझ्याच यंत्रावर तिच्या छातीचा फोटो काढला. सगळं ठणठणीत. "मला कसलं दाखवतोस? स्वतःला दाखव," ती म्हणाली.

५

निवडीच्या रविवारी निघताना ताईनं विचारलं, "आज माळावर किती वाजता?"

"आज नाही. आता कधीच नाही. फोटो झाला."

"मग सकाळी खिडकीतून हात का केलास?"

"मी केला नाही. आणि कुणीही हात केला तरी तू घराबाहेर पडू नकोस. समजलं?"

"अरे वा, आता तू मला शिस्त शिकवणार," ती म्हणाली. मी दाराला बाहेरून कडी घालावी का, असा विचार केला. मग स्वतःचीच लाज वाटली. मोठ्या बहिणीला कोंडतो का कुणी?

वर्गात सरांनी माझे तिन्ही फोटो टेबलावर ओळीनं मांडले. पहिल्यात ताई झाडापासून सुटलेली, दुसऱ्यात आणखी डावीकडे, तिसऱ्यात अगदी कडेला, की आणखी चार पावलं टाकली तर दिसायचीच नाही.

"पायरी पायरीनं शिकताय," सर म्हणाले. त्यांचा आवाज कधी नव्हे तो मऊ झाला होता. "तिसरा भिंतीवर लावू. मधोमध. कार्ड द्या, मोठा करून आणतो."

दोन वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते असं सहज आलं. मी कॅमेऱ्यातलं कार्ड काढून सरांच्या हातात दिलं.

"एकच सांगू?" सर म्हणाले. "शेवटची पायरी राहिलीय. बाईंना काढा."

"म्हणजे?"

त्यांनी काळा पुठ्ठा उचलला आणि फोटोच्या डाव्या कडेवर ठेवला. ताई झाकली गेली. "हे बघा. माणूस असतो तेव्हा नजर त्याच्यावर टेकते. पण माणूस नुकताच गेलेला असेल, तर नजर तिथून हलतच नाही. त्यांना आणखी जरा डावीकडे घ्या. चौकटीच्या बाहेर. मग रचना पुरी होईल."

मी पुठ्ठ्याकडे बघत राहिलो. त्या पुठ्ठ्याखाली, फोटोच्या कडेपलीकडे डावीकडे काय आहे ते मला तोवर एकदाही आठवलं नव्हतं. खाण. दर खेपेला ती खाणीकडे सरकत होती, आणि मी वाकून, टोपीची सावली धरून, फोटो किती सुधारलाय ते बघत होतो.

बाकावरून उठताना माझे गुडघे आपटले. कसा घरी पोचलो माहीत नाही. दार उघडं होतं. ओट्यावर झाकण ठेवलेला चहा, अजून कोमट. ताईचा फोन चार्जिंगला लावलेला. दारामागे किल्ल्या होत्या, शिट्टी नव्हती.

६

स्कूटर पायवाटेवर टाकून मी कॅमेरा लावायच्या जागेपर्यंत पळत आलो. भर दुपार होती, सावल्या नव्हत्या. लांबवर लाल विंडचीटर दिसलं. झाड केव्हाच मागे पडलं होतं.

ताई चार पावलं चालायची, थांबायची, मान वर करून बघायची, होकार द्यायची आणि पुन्हा चालायची. खाणीचा कडा तिच्यापासून फार लांब नव्हता. मी तिच्या दिशेनं पळायला लागलो आणि थोडं पळाल्यावरच कळलं की मी पोचणार नाही. माळ मोठा होता आणि माझा दम एक्स-रेच्या खोलीतला.

मी थांबून पंजा वर केला. ती चालतच राहिली. डोक्यावर हात आडवेतिडवे धरले, उड्या मारल्या, घसा फुटेपर्यंत ओरडलो. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती माझ्या डोक्यावरून मागे बघत होती.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी दिसायला हवा असेन तर मला तिथे उभं राहावं लागणार होतं. मी उलटा फिरलो आणि टेकाडावर चढलो. गवतात घसरलो, ओंजळभर माती हातात आली. माथ्यावर कुणी नव्हतं. ती तीन भोकं होती, ताजी, कडा न ढासळलेली. मी त्यांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो आणि वळलो.

आणि मला दिसलं.

ते कसं सांगू? तोच माळ, तेच झाड. पण खालून मी दोन वर्षं जे जुळवत होतो ते इथून आपोआप जुळलेलं होतं. झाड जिथे हवं तिथे. पायवाट नजरेला धरून आत नेत होती, कुठेही सांडत नव्हती. डोंगरांची ओळ, रिकामं आभाळ, सगळं आपापल्या जागी आणि एकमेकांना सांभाळून. माझे डोळे भरून आले. मला जमायला हवं होतं ते हेच, एवढंच. सगळ्या देखाव्यात फक्त एक चूक होती. डाव्या कडेला एक लाल ठिपका उगीच लुडबुडत होता.

माझा हात वर आला. कुणी धरून उचलला नाही, मीच उचलला. लांब केला, डावीकडे, अगदी स्पष्ट.

लाल ठिपक्यानं मान हलवली आणि चार पावलं टाकली.

आणखी जरा, असं मला वाटलं. अगदी जरा. हात तसाच होता. मग विंडचीटरच्या बाहीवर ऊन चमकलं, आणि चमक कुठे पडते म्हणून माझी नजर त्या कडेपलीकडे गेली. तिथे हिरवं पाणी होतं. कापलेला दगड होता. ज्या बाईनं मला मैदानावर एक फेरी जास्त पळवलं, तापात रात्र रात्र माझं डोकं मांडीवर घेतलं, ती त्या दगडापासून हातभर अंतरावर एक पाय उचलून उभी होती आणि माझ्या खुणेची वाट बघत होती.

उजव्या हातानं मी डावा मनगटाशी पकडला. तो खाली येईना. मग दोन्ही तसेच वर ओढले, डोक्यावर, आडवेतिडवे. "सोडा!" मी ओरडलो. "ताई, सोडा! ये!"

बराच वेळ काही झालं नाही. मग लांब, लहानशी, शिट्टी वाजली. लाल ठिपका वळला आणि माझ्याकडे यायला लागला.

मी तसाच हात धरून उभा होतो. खाली करायची हिंमत नव्हती. ती टेकाडाच्या पायथ्याशी आली तेव्हा मी रडत होतो, आणि तिचं तोंड रागानं लाल झालं होतं.

"दोघंदोघं काय हात करता?" ती खालूनच म्हणाली. "तू म्हणतोस ये, तुझ्या मागचा म्हणतो अजून डावीकडे. मी ऐकू कुणाचं? शेवटी म्हटलं, रडतोय तो आपला."

माझ्या मागे वाजलं. खट. खट. खट. मी वळलो नाही. त्याचा मला आजही पश्चात्ताप होत नाही.

"धाकट्या," ताईचा आवाज बदलला. ती माझ्या मागे बघत नव्हती, माझ्या पायांकडे बघत होती. "तू कुठे निघालास?"

मी खाली बघितलं. मी भोकांच्या मध्ये नव्हतो. टेकाडाच्या उतारावर बराच डावीकडे आलो होतो, आणि एक पाय उचललेला होता.

७

आता ताई मला सोडून कुठे जात नाही. ती बरी आहे. तिला कुणी हात करत नाही, कुणी थांब म्हणत नाही. ती स्वयंपाकघरातून दर थोड्या वेळानं विचारते, "श्वास सोडलास का रे?" आणि मी सोडतो. कधी कधी तिनं विचारेपर्यंत मी रोखून धरलेला आहे हेच मला ठाऊक नसतं. दवाखान्यातून रजा घेतलीय. कॅमेरा विकायला काढलाय. प्रदर्शन पार पडेपर्यंत घरी बसायचं आणि मग काय ते बघू, असं आमचं ठरलंय.

काल संध्याकाळी चौकटसरांचा फोन आला. ते इतके खूश मी कधी ऐकले नव्हते.

"अहो, छुपे रुस्तम निघालात! कार्डातला शेवटचा फोटो बघितला. बाईंचा बाजूला ठेवला, भिंतीवर मधोमध हाच लावलाय."

"शेवटचा म्हणजे बाईंचाच."

"नाही हो. त्यानंतरचा. तुम्ही टेकाडाच्या उतारावर उभे आहात, हात डोक्यावर, खाली पायथ्याशी बाई. वरून काढलाय. कुणाकडून काढून घेतलात?"

"सर," मी म्हणालो, "कार्ड मी तुम्हाला निवडीच्या सकाळीच दिलं होतं, माळावर जायच्या आधी. त्यानंतर ते तुमच्याकडेच आहे ना?"

"माझ्याकडेच आहे. का?" त्यांचं लक्ष नव्हतं. पलीकडे भिंतीवर खिळा ठोकल्याचा आवाज येत होता, तीन ठोके. "काय रचना आहे! मी पुठ्ठे लावूनच बघितले नाहीत. नजर जी तुमच्यावर येते ती हलत नाही. फक्त एकच सांगू?"

"नका सांगू," मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून ताईनं मला हाक मारली. मग पुन्हा मारली, मोठ्यानं, आणि तिच्या हातातलं भांडं पडलं. तोवर मी खुर्चीवरून उठून जरा डावीकडे सरकलो होतो.